गाडीचे धक्के आणि शॉकरची निवड

गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीने आपल्याच मुलाच्या गाडीत बसायला साफ नकार दिला. तिला कमरेच्या मणक्याचा जुना त्रास आहे. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला जावे लागते. दारात चकचकीत मोटार उभी असताना ती बरखेड्याहून ऑटो करून जाऊ लागली. मी विचारले तेव्हा म्हणाली, "दादा, ऑटोत कमी दुखतं रे."

गाडी म्हणजे जुनी, दोन दारांची एक जर्मन स्पोर्ट्स कूपे. भाच्याची नोकरी मंडीदीपला, त्यामुळे रोजचे जाणे-येणे मिळून पन्नासेक किलोमीटर होतात. गाडी घेतल्यावर दोन महिन्यांत त्याने एका मोठ्या शहरातल्या गॅरेजात सव्वा लाख रुपये देऊन नवे सस्पेन्शन बसवले. गाडी चार सेंटीमीटर खाली आली, दिसायला लागली झकास, आणि चालायला लागली बैलगाडीसारखी. "मामा, स्पोर्ट्स सस्पेन्शन असंच असतं," असे त्याने मला ऐकवले. मी मोटार-मेकॅनिक नाही, आयुष्य कारखान्यात ट्रॅक्शन मोटरच्या विभागात गेले. पण स्प्रिंग आणि वजन यांचे गणित सगळीकडे एकच असते. आम्ही दोघे वही-पेन्सिल घेऊन बसलो. त्यातून जे हाती लागले ते आपल्या वार्तापत्राच्या वाचकांसाठी लिहीत आहे. स्पोर्ट्स कूपे थोड्यांच्याच घरी असेल, पण स्कूटर असो, मारुती असो की शाळेची बस, नियम तेच.

विद्यार्थी मित्रांनो, सुरुवात प्रयोगशाळेतल्या साध्या स्प्रिंगपासून करू या. स्प्रिंग टांगा, तिला वजन अडकवा, आणि वजनामुळे ती किती सेंटीमीटर ताणली गेली ते पट्टीने मोजा. मग वजन थोडे खाली ओढून सोडा व दहा झोक्यांना किती सेकंद लागतात ते पाहा. ताण 25 सेंटीमीटर असेल तर दहा झोके जवळजवळ 10 सेकंदांत होतील. 16 असेल तर 8 सेकंद, 9 असेल तर 6 सेकंद. सूत्र सोपे आहे: सेंटीमीटरमधल्या ताणाचे वर्गमूळ काढून दुप्पट करा. वजन किती होते, स्प्रिंग कोणत्या धातूची होती, याची चौकशीही करावी लागत नाही.

मोटारीत स्प्रिंग टांगलेली नसते, वजनाखाली दबलेली असते, एवढाच फरक. गाडीच्या वजनाने स्प्रिंग किती दबली यावरून गाडी सेकंदाला किती झोके घेईल ते ठरते. घरगुती मोटारी साधारणपणे सेकंदाला एक ते दीड झोका घेतील अशा बांधतात. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्या दीड ते दोनच्या आसपास असतात आणि शर्यतीच्या गाड्या त्याहून पुढे. आपण सावकाश चालतो तेव्हा शरीर साधारण त्या घरगुती गाडीच्याच तालात वरखाली होत असते, म्हणून तो ताल आपल्याला खुपत नाही. याउलट बसलेल्या माणसाला सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी उभी थरथर सर्वांत जास्त जाणवते. कंपने मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकातही याच पट्ट्याला जास्त भार दिला आहे. आता पाहा, गाडी ताशी 36 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 10 मीटर जात आहे आणि रस्त्यावर दर दोन मीटरला ठिगळ आहे. सेकंदाला पाच धक्के! नेमके नको तिथेच.

स्प्रिंग हे धक्के गाळते, पण सगळे गाळत नाही. तिच्या स्वतःच्या तालाच्या सुमारे 1.4 पटीच्या वर जे धक्के येतात तेच ती कमी करू शकते. त्याखालचे ती उलट वाढवते. भाच्याच्या गाडीची मूळ स्प्रिंग चाकापाशी मोजली तर सुमारे 12 सेंटीमीटर दबत होती, म्हणजे सेकंदाला साधारण 1.4 झोके. नव्या किटमधली स्प्रिंग अडीचपट कडक निघाली. ती 5 सेंटीमीटरच दबते आणि ताल जातो 2.2 वर. पूर्वी सेकंदाला दोनच्या वरचे धक्के गाळले जायचे, आता तीनच्या वरचे, आणि तेही अर्धवट. बहिणीची कंबर हे गणित न मांडताच सांगत होती.

स्प्रिंग कडक का घालतात? त्याला कारण आहे, गॅरेजवाल्याचा हट्ट म्हणून नव्हे. गाडी खाली आणली की चाकाला वर सरकायला जागा कमी उरते. पूर्वी आठ सेंटीमीटर जागा होती, आता चारच. त्या जागेच्या शेवटी रबराचा किंवा फोमचा एक तुकडा असतो, त्याला बंप स्टॉप म्हणतात. मऊ स्प्रिंग ठेवली तर प्रत्येक खड्ड्यात गाडी त्याच्यावर आपटेल, म्हणून स्प्रिंग कडक करणे भाग पडते. भाच्याच्या गाडीत मात्र कडक स्प्रिंग असूनही मोठ्या खड्ड्यात 'धाड' असा आवाज यायचा, तो बंप स्टॉपचाच. म्हणजे दोन्हीकडून नुकसान. मला विचाराल तर आपल्या रस्त्यांवर गाडी खाली आणणे हीच मूळ चूक, बाकीच्या चुका तिच्या मागून आल्या.

आता शॉकर. आपल्या भोपाळात त्याला शॉकर म्हणतात, महाराष्ट्रात कुठे शॉकअप म्हणतात. नावावरून वाटते की हा धक्का खातो. खरे तर धक्का खाते स्प्रिंग. शॉकर त्या स्प्रिंगचे नाचणे थांबवतो. आत तेल असते आणि बारीक छिद्रे व पत्र्याच्या चकत्यांच्या झडपा असतात. दट्ट्या हलला की तेल त्यातून दाबून जाते आणि हालचालीची शक्ती उष्णता होऊन निघून जाते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकरला हात लावलात तर तो गरम लागेल. (हात जपून लावा.) चाक वर जाताना त्याचा विरोध कमी ठेवतात आणि खाली येताना जास्त, कारण वर जाताना फार अडवले तर रस्त्याचा ठोसा थेट गाडीत येतो. पण खाली येताना अडवणेही प्रमाणात हवे. ते फार झाले तर ओळीने आलेल्या खड्ड्यांत चाक पुरते खाली येण्याआधीच पुढचा खड्डा येतो, गाडी पायरी-पायरीने खाली बसत जाते आणि पुन्हा तोच बंप स्टॉप.

भाच्याच्या किटमध्ये शॉकरला फिरवायची घुंडी होती. बत्तीस टप्पे! त्याला तेच मोठे आकर्षण वाटले होते. "मामा, मऊ करून पाहिलं, पण फरकच पडत नाही." पडणार कसा? घुंडी फिरवल्याने तेलाची वाट लहान-मोठी होते, स्प्रिंगचा कडकपणा तसूभरही बदलत नाही. स्प्रिंग अडीचपट कडक आहे ती आहेच. उलट घुंडी पूर्ण मऊ केल्यावर त्या कडक स्प्रिंगला आवरणारे कोणी उरले नाही आणि गाडी नाचू लागली. तशीच गोष्ट स्प्रिंगखालच्या फिरत्या कड्याची. कडे वर चढवले की गाडी उंच होते, पण साधी, एकसारख्या वेढ्यांची स्प्रिंग त्याने कडक किंवा मऊ होत नाही. आमच्या बैठकीतली ही दोन वाक्ये ऐकून भाच्याचा चेहरा पडला तो मला अजून आठवतो.

आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा सुचली. गाडी गतिरोधकावरून जाताना पुढची चाके आधी उसळतात, मागची नंतर. पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर आणि वेग ताशी 36 किलोमीटर धरला तर हा उशीर पाव सेकंदाचा. पुढचा भाग खाली येत असताना मागचा वर जात असला की गाडी घोड्यासारखी मागेपुढे डुलते. मॉरिस ओली या इंग्रज इंजिनिअरने 1930 च्या दशकात जनरल मोटर्समध्ये काम करताना दाखवले की मागच्या स्प्रिंगचा ताल पुढच्यापेक्षा थोडा जलद ठेवला तर मागचा भाग पुढच्याला गाठतो आणि डुलणे लवकर मिटते. भाच्याच्या किटमध्ये पुढची बाजू मागच्यापेक्षा जलद होती. शर्यतीच्या सपाट मार्गावर असे चालते. तिथे ते मुद्दाम करतातही. होशंगाबाद रोडवर, म्हणजे आताच्या नर्मदापुरम रोडवर, त्याचा अर्थ वेगळा होतो. म्हणून किट विकत घेताना "किती खाली येईल" हे विचारण्याआधी "पुढच्या-मागच्या स्प्रिंगचा कडकपणा किती" हे विचारावे. विक्रेत्याला सांगता येत नसेल तर दुसरे दुकान पाहावे.

चाके आणि टायर यांचाही यात मोठा वाटा असतो. टायरमधली हवा ही पहिली स्प्रिंग. भाच्याने 18 इंची चाके घातली होती, त्यावर 225/40 मापाचा टायर. या आकड्यांचा अर्थ मुलांनी लक्षात ठेवावा. टायरची रुंदी 225 मिलिमीटर, आणि बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या 40 टक्के, म्हणजे 90 मिलिमीटर. तेच 17 इंची चाकावर 225/45 घातले तर भिंत 101 मिलिमीटर होते, 16 इंची चाकावर 205/55 घातले तर जवळजवळ 113. तिन्हींचा एकूण व्यास मात्र 63 सेंटीमीटरच्या आसपासच येतो, त्यामुळे वेगदर्शक काटा फारसा चुकत नाही. भिंत जितकी उंच तितका खड्ड्याच्या कडेचा टोकदार ठोसा कमी, शिवाय चाकाची कड वाकण्याची भीतीही कमी.

मोठे चाक बहुधा जड असते. स्प्रिंगच्या खालचे हे वजन रस्त्याच्या प्रत्येक उंचवट्याबरोबर स्वतः उडते, त्याला वाचवणारे मध्ये टायरशिवाय काही नसते. आमच्या भेलमधल्या मंडळींना हे सांगायला नको. इंजिनाच्या आसावर बसणाऱ्या ट्रॅक्शन मोटरचे सुमारे निम्मे वजन थेट आसावर येते, आणि त्यामुळे रूळ व मोटर दोघांनाही जो मार बसतो त्याच्या चर्चेत आमच्या कित्येक दुपारी गेल्या आहेत.

गतिरोधकाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण हा विषय विश्वस्त मंडळींच्याही कामाचा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 च्या मार्गदर्शिकेत, 99 क्रमांकाच्या, गतिरोधकाचे माप दिले आहे. त्याची उंची 10 सेंटीमीटर, रस्त्याच्या दिशेने रुंदी 3.7 मीटर, आणि आकार 17 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. ताशी 25 किलोमीटर वेगाने तो सुखाने ओलांडता यावा असा हिशेब आहे. दहावीच्या मुलांनी जीवेचा वर्ग भागिले त्रिज्येच्या आठपट हे करून पाहावे: 3.7 चा वर्ग 13.69, भागिले 136, उत्तर 0.10 मीटर. बरोबर दहा सेंटीमीटर. आता अडीच मीटर चाकांतर असलेली गाडी त्यावर आली की दोन्ही चाके त्याच उंचवट्यावर असतात. मधला फुगवटा किती? 6.25 भागिले 136, म्हणजे साडेचार सेंटीमीटर. खाली आणलेली गाडीसुद्धा न घासता जाते.

आणि गल्लीबोळांत आपण काय बांधतो? एक-दोन फूट रुंदीचा, वीतभर उंचीचा सिमेंटचा बांध. त्यावर चाके दोन्ही बाजूंना सपाट रस्त्यावर उतरतात आणि बांधाची सगळी उंची गाडीच्या पोटाखाली येते. कूपे तर घासतेच, पण पोटुशी बाई, पाठीचा रुग्ण, स्कूटरवर मागे बसलेली आजी, सगळ्यांना तो बांध फटका मारतो. शाळेसमोर वाहने सावकाश गेलीच पाहिजेत याबद्दल दुमत नाही. पण योग्य मापाचा गतिरोधक वाहनाला सावकाश करतो, बांध नुसता मारतो. आपल्या फाटकासमोरच्या रस्त्याचे काम पुढे कधी निघाले तर अर्जात हे माप लिहून द्यावे, अशी माझी विनंती आहे.

परत गाडीकडे. नवे काही घेण्याआधी जुने काय खराब आहे ते पाहावे, हा नियम भाच्याने मोडला होता. दहा-बारा वर्षांच्या गाडीत शॉकरच्या डोक्यावरचे रबरी माउंट, खालच्या आर्मचे बुश, बंप स्टॉप हे सगळे झिजलेले असते. नवा शॉकर जुन्या माउंटवर बसवला की खडखड तशीच राहते आणि दोष नव्या शॉकरला जातो. घरच्या घरी परीक्षा करायची तर बॉनेटचा कोपरा जोराने दाबून सोडा. गाडी वर येऊन जागेवर बसली तर ठीक, डोलत राहिली तर शॉकर गेला. ही परीक्षा ढोबळ आहे. तेल गळाल्याचे ओले डाग आणि टायरची लाटेसारखी झीज या खुणा जास्त भरवशाच्या.

बाजारात पर्याय तीन-चार जातींचे. मूळ भागासारखाच, दोन नळ्यांचा शॉकर. एका नळीचा, जास्त दाबाच्या वायूचा शॉकर. आणि उंची बदलता येणारा, स्प्रिंगसह येणारा कॉइलओव्हर. चौथी जात विजेवर नियंत्रित होणाऱ्यांची. ज्या गाडीत ती कारखान्यातूनच आली आहे तिथेच तिचा विचार करावा. एकाच कंपनीतही फरक असतात. जर्मनीच्या बिलस्टाइनचे उदाहरण घ्या. त्यांचा बी-4 मूळ भागाच्या जागी बसणारा, बी-6 मूळ उंचीसाठीच पण अधिक कडक, आणि बी-8 खाली आणलेल्या स्प्रिंगसाठी आखूड केलेला. नुसते "बिलस्टाइन घातले" म्हटल्याने काहीच कळत नाही. हॉलंडच्या कोनी कंपनीने असा शॉकर काढला आहे की जो जलद, बारीक धक्क्यांना कमी विरोध करतो आणि वळणावरच्या संथ हालचालीला जास्त. रोजच्या वापराच्या स्पोर्ट्स गाडीला ही कल्पना मला पटते. स्वीडनच्या ओहलिन्ससारखे चांगले कॉइलओव्हरही आरामात चालतात, पण त्यांची किंमत आणि देखभाल ही हौसेची बाब आहे. साध्या भारतीय गाड्यांना इतका विचार लागत नाही. 1961 साली मुलुंडला सुरू झालेल्या गॅब्रिएल इंडियाचा एक कारखाना आपल्या देवासलाही आहे. अशा कंपन्यांचा, त्या मॉडेलसाठीच बनवलेला भाग घ्यावा आणि दोन्ही बाजूंचा एकदम बदलावा.

कायद्याचाही विचार हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये निर्णय दिला की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा होईल असा फेरफार वाहनात करता येत नाही. झिजलेल्या भागाच्या जागी तसाच भाग घालणे ही दुरुस्ती झाली. गाडीची ठेवण बदलायची असेल तर आधी आर.टी.ओ. आणि विमा कंपनी यांना लेखी विचारावे. अपघातानंतर विचारून उपयोग नाही.

भाच्याने शेवटी काय केले? मूळ उंचीच्या, कंपनीच्या स्प्रिंगा परत बसवल्या. शॉकर बी-4 जातीचे घेतले. बी-6 घ्यायचे त्याच्या मनात होते, पण बहिणीने स्वयंपाकघरातूनच "नाही" म्हटले. माउंट, बंप स्टॉप व बुश नवे टाकले. चाके 16 इंची घालायची होती, पण ती ब्रेकच्या कॅलिपरला लागत होती म्हणून 17 वर थांबलो. व्हील अलाइनमेंट केले, टायरमधली हवा दारावरच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे भरली. पूर्वी तो "घट्ट वाटावी" म्हणून जास्त भरत असे.

फरक मोजायला एक युक्ती केली. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलेले फायफॉक्स नावाचे मोफत ॲप मोबाइलमधल्या प्रवेगमापकाचा आलेख काढते. सीटखाली फोन पक्का बसवून एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने, काम करण्याआधी व नंतर आम्ही फेऱ्या मारल्या. आधीच्या आलेखात टोकदार सुळकेच सुळके होते, नंतरच्यात ते बुटके झाले आणि त्यांची संख्याही घटली. विज्ञान प्रदर्शनासाठी नववी-दहावीच्या मुलांनी शाळेच्या बसमध्ये पुढच्या व शेवटच्या बाकावर हा प्रयोग जरूर करावा. शेवटच्या बाकावर बसणारे उत्तर आधीच सांगतील म्हणा.

मोठ्या गाड्यांच्या कंपन्या हेच काम मोठ्या प्रमाणावर करतात. इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स ही सरकारी चाचणी संस्था आहे. तिथला 11.3 किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक जून 2021 मध्ये सुरू झाला तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो आले होते. पण त्याच आवारात बसणाऱ्याच्या सुखासाठी गाडी तपासायचा कम्फर्ट ट्रॅकही आहे. त्याचे फोटो फारसे कोणी छापले नाहीत.

बहीण आता गाडीने जाते. पुढच्या सीटवर कमरेमागे उशी घेऊन बसते. कूपेचे सीट मुळातच जमिनीलगत असल्यामुळे उतरताना मात्र मुलाचा हात धरावा लागतो. त्यावर कोणत्याही शॉकरचा इलाज नाही.

काढलेले किट अजून माझ्या गॅलरीत पडून आहे. विकत घ्यायला कोणी तयार नाही. त्यातली एक स्प्रिंग शाळेच्या प्रयोगशाळेला द्यायचे ठरले आहे. तिच्यावर पट्टीचा प्रयोग करणे कठीण, कारण ती पाच सेंटीमीटर दाबायला नववीतली सहा-सात मुले एकावर एक उभी करावी लागतील. कोणी तसा प्रयत्न करू नये, ती फक्त टेबलावर ठेवायची आहे.